नोंद नसलेलं मंडळ

१९५२चा एप्रिल. क्राकूवमधल्या कॉलेजच्या मुलामुलींनी झाकोपानेला जायचं ठरवलं होतं. बर्फ वितळलं की तिथल्या डोंगरउतारांवर क्रोकसची जांभळी फुलं येतात, ती बघायला. ऐन वेळी मुलांची परीक्षा आडवी आली आणि निघाल्या त्या फक्त मुली. सोबत एकतीस वर्षांचा एक धर्मगुरू. अंगात झगा नाही, गळ्याला पांढरी पट्टी नाही. डोंगर चढायला निघालेल्या कुठल्याही तरुणाचे असतात तसे कपडे. चारचौघांत यांना हाक काय मारायची, असा प्रश्न एकीला पडला. 'फादर' म्हणावं तर गाडीच्या डब्यात कोण ऐकेल याचा नेम नाही. धर्मगुरूनं तरुण पोरांना चर्चच्या आवाराबाहेर घेऊन जाणं त्या वेळच्या पोलंडमध्ये सरकारला खपणारं नव्हतं. फादरांनी शेंक्येविचच्या 'पोतोप' या कादंबरीतला एक गाजलेला प्रसंग आठवून उत्तर दिलं : मला मामा म्हणा. पोलिशमध्ये 'वूयेक'.

हे नाव कायमचं चिकटलं. १९७८च्या ऑक्टोबरमध्ये कारोल वोयतिवा पोप झाले, दुसरे जॉन पॉल झाले, तरी पन्नाशीला टेकलेल्या त्या मुली त्यांना वूयेकच म्हणत राहिल्या आणि त्यांनाही तेच हवं होतं.

आपल्याकडे हा माणूस १९८६च्या फेब्रुवारीत येऊन गेला. गोवा, मुंबई, पुणे हेही त्या दौऱ्यात होतं. वसईकडच्या आणि गोव्याकडच्या किती तरी घरांत त्या वेळचा फोटो जपून ठेवलेला असेल : पांढरा झगा, उंचावलेला हात, भोवती सुरक्षारक्षकांचं कडं. मला सांगायचं आहे ते त्याच्या तीस-पस्तीस वर्षं आधीचं. श्रद्धेविषयी बोलायला जमणारी कॅथलिक विद्यार्थ्यांची मंडळं जगभर आहेत, महाराष्ट्रातही आहेत. त्यांतली बरीचशी एक व्याख्यान, दोन भाबडे प्रश्न, चहा आणि आभारप्रदर्शन एवढ्यावर आटोपतात. क्राकूवच्या या मंडळींचं तसं झालं नाही. का झालं नाही, हे बघण्यासारखं आहे.

*

क्राकूवच्या जुन्या शहराच्या उत्तरेला फ्लोरियन दरवाजा आहे. त्यातून बाहेर पडून बार्बिकन हा गोल बुरूज ओलांडला की मातेय्को चौक लागतो. चौकाच्या पलीकडच्या टोकाला दोन मनोऱ्यांचं सेंट फ्लोरियन चर्च. चौकातच ललित कला अकादमी. चर्चच्या कडेनं जाणाऱ्या वार्शाव्स्का रस्त्यावर पॉलिटेक्निक, त्याच रस्त्यावर नाझरेथच्या सिस्टरांनी चालवलेलं मुलींचं वसतिगृह. १३६४ साली स्थापन झालेलं याग्येलोनियन विद्यापीठ तिथून पायी जाण्याच्या अंतरावर. म्हणजे धर्मग्राम असा की जिकडे बघावं तिकडे विद्यार्थी. विद्यापीठाचं परंपरेनं चालत आलेलं सेंट अ‍ॅन चर्च होतंच, पण युद्धानंतर विद्यार्थ्यांची संख्या इतकी वाढली की ते पुरेना. १९४९मध्ये वोयतिवांची सेंट फ्लोरियनला नेमणूक झाली ती या विद्यार्थ्यांसाठी. रोममधला अभ्यास संपवून आल्यावर त्यांनी खेड्यातल्या एका चर्चमध्ये जेमतेम काही महिने काढले होते.

वेळ वाईट होती. ऑगस्ट १९४९मध्ये सरकारनं फर्मान काढलं की चर्चच्या सगळ्या संघटनांनी नव्यानं नोंदणी करावी, सभासदांच्या याद्या द्याव्यात. याद्या दिल्या की त्या कुठं जाणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. बिशपांनी याद्या देण्यापेक्षा संघटनांचं कामच थांबवलं. विद्यार्थ्यांची जुनी कॅथलिक मंडळं, तरुणांचे संघ, सगळ्यांना कुलूप लागलं. विद्यापीठात मार्क्सवादाचे तास सक्तीचे झाले. १९५३च्या मार्चमध्ये स्टालिन वारला. त्याचा मृत्युलेख छापायला क्राकूवच्या 'तिगोद्निक पोव्शेख्नी' या कॅथलिक साप्ताहिकानं नकार दिला, तेव्हा ते संपादकांच्या हातून काढून घेण्यात आलं. त्याच सप्टेंबरात पोलंडचे सर्वोच्च धर्माधिकारी कार्डिनल विशिन्स्की यांना उचलून तीन वर्षं स्थानबद्ध केलं. १९५४ साली याग्येलोनियन विद्यापीठाचा धर्मशास्त्र विभागच बंद करण्यात आला.

अशा दिवसांत विद्यार्थ्यांचं नवं मंडळ काढायचं म्हणजे स्वतःहून यादी पुरवण्यासारखं. म्हणून मंडळ काढलंच नाही. अध्यक्ष नाही, सचिव नाही, वर्गणी नाही, हजेरीपट नाही, नावही नाही. मुलं आपसांत 'छोटं कुटुंब' अशा अर्थाचा शब्द वापरायची. 'श्रोदोविस्को', म्हणजे आपला गोतावळा, हे नाव वोयतिवांनी फार उशिरा, साठच्या दशकात दिलं. तोवर आत-बाहेर करणारी माणसं दोनशेच्या आसपास गेली होती. ज्याची नोंदच नाही त्यावर बंदी कशी घालणार?

*

ही युक्ती वोयतिवांची नव्हती. ती त्यांना एका शिंप्यानं शिकवली होती.

जर्मनांनी पोलंड व्यापला त्या वर्षी, ६ नोव्हेंबर १९३९ला, क्राकूवच्या प्राध्यापकांना भाषणाच्या निमित्तानं एका सभागृहात बोलावलं आणि १८०हून अधिक जणांना तिथूनच अटक करून छळछावणीकडे रवाना केलं. विद्यापीठ बंद. वोयतिवा तेव्हा पोलिश साहित्याचा विद्यार्थी. पुढं दगडाच्या खाणीत आणि मग सोल्वे कारखान्यात मजुरी करू लागला. व्हिस्तुला नदीपलीकडच्या देंबनिकी भागात वोयतिवा राहायचा. तिथल्या चर्चमधल्या सालेशियन धर्मगुरूंपैकी बहुतेकांना १९४१च्या मेमध्ये गेस्टापोनं पकडून नेलं. तरुणांचं बघायला माणूसच उरला नाही, तेव्हा ते काम यान तिरानोव्स्की या शिंप्याकडे आलं.

तिरानोव्स्की चाळिशीतला, अविवाहित, अबोल. मुळात हिशेबनीस, पण शिवणकामात मन शांत राहतं म्हणून तो वडिलांच्या धंद्यात आला. त्यानं पंधरा-पंधरा मुलांचे गट केले. रोझरीची रहस्यं तेव्हा पंधरा होती. एकेका मुलानं रोज एकेक म्हणायचं, म्हणजे गटाची मिळून अख्खी माळ पुरी होते. याला 'जिवंत रोझरी' म्हणत. गटाचा एक म्होरक्या, आणि त्या म्होरक्यांना तिरानोव्स्की स्वतः घरी बोलावून एकेकट्याला वेळ द्यायचा. शिलाई यंत्रं आणि पुस्तकं यांनी भरलेल्या त्या खोलीत वोयतिवानं स्पेनचा संतकवी योहान ऑफ द क्रॉस पहिल्यांदा वाचला. पकडलं असतं तर सगळ्यांची रवानगी छावणीत झाली असती. १९४७ साली तिरानोव्स्की वारला. दोन वर्षांनी वोयतिवांनी त्याच्यावर 'तिगोद्निक'मध्ये लेख लिहिला. पुढं विद्यार्थ्यांसोबत त्यांनी जे जे केलं त्यातलं निम्मं तरी या शिंप्याच्या खोलीतलं आहे : माणसं थोडी, भेट एकेकट्याची, कागद शक्यतो नाही आणि शिकवणारा पाद्रीच असला पाहिजे असंही नाही.

*

सेंट फ्लोरियनला दर गुरुवारी संध्याकाळी व्याख्यान असे. विषय मुळापासूनचे. देव आहे हे कशावरून म्हणायचं? माणसाला आत्मा आहे म्हणजे नेमकं काय आहे? सकाळी वर्गात माणूस म्हणजे केवळ जडद्रव्य आणि उत्पादनसंबंध, असं ऐकून आलेल्या पदार्थविज्ञानाच्या आणि इंजिनिअरिंगच्या मुलांना हे प्रश्न पुस्तकी वाटत नव्हते. वोयतिवांचं बोलणं सोपं नसायचं. लांब वाक्यं, तत्त्वज्ञानाची परिभाषा. मुलं ते टाइप करून प्रती हातोहात फिरवत. पन्नासेक वर्षांनी ती टिपणं पुस्तकरूपानं बाहेर आली. मुलांना आधी पाजायचं आणि मग पटवायचं, असला प्रकार त्यात नाही. पटलं नाही तर तिथंच थांबायची मुभा आहे.

त्याच सुमारास, १९५१च्या फेब्रुवारीत, वसतिगृहातल्या मुलींना घेऊन त्यांनी गायनवृंद सुरू केला. पाठोपाठ मुलं आली. ग्रेगोरियन पद्धतीची लॅटिन गाणी. तालमीच्या निमित्तानं माणसं आठवड्यातून भेटायला लागली, तालमीनंतर रेंगाळायला लागली. मग भटकंती, बर्फात स्की, डोंगर. माझ्या मते मंडळाचा खरा जन्म गुरुवारच्या व्याख्यानांपेक्षा या रेंगाळण्यात झाला.

आणि मग होड्या.

येझी चेशेल्स्की नावाचा बांधकाम इंजिनिअर या मंडळींत होता, पट्टीचा खेळाडू. कयाकचं वेड त्यानं लावलं. १९५३पासून दर उन्हाळ्यात हा तांडा उत्तर पोलंडच्या नद्यांवर आणि तळ्यांवर जाऊ लागला. ब्र्दा, द्रावा, चार्ना हांचा, वीना अशी त्या नद्यांची नावं. पाणी संथ, काठाला पाइनची दाट राई, वस्ती विरळ. कयाक दोन माणसांची. आणि इथंच खुबी होती. पुढं एक, मागं एक; दोघांची तोंडं एकाच दिशेला; हात वल्ह्यात गुंतलेले. समोरासमोर बसून जे बोलायला जीभ उचलत नाही, ते अशा वेळी आपसूक बाहेर पडतं. वोयतिवांच्या होडीतली दुसरी जागा रोज वेगळ्या माणसाची असे. ज्याला काही विचारायचं आहे, मन मोकळं करायचं आहे, लग्न करावं की संन्यास घ्यावा असा घोळ आहे, त्याची त्या दिवशी पाळी.

दिवस उजाडला की काठावर मिस्सा. वेदी म्हणजे उलटी घातलेली होडी; क्रूस म्हणजे दोरीनं आडवीउभी बांधलेली दोन वल्ही. दिवसभराच्या विचारासाठी सकाळीच एखादा विषय दिलेला असे. मधेच कधी वोयतिवा एकटेच होडी घेऊन लांब जात, वाचत, प्रार्थना करत. त्यांना त्या वेळी कुणी हटकायचं नाही असा अलिखित नियम होता. संध्याकाळी तंबू, चूल, शेकोटी, गाणी आणि मग चर्चा. कधी पुस्तकातला उतारा, कधी कुणीतरी करून आणलेलं टिपण. मंडळींनी १९९९मध्ये आपल्या आठवणींचा जाड ग्रंथ काढला. त्या आठवणींत एक गोष्ट पुनःपुन्हा येते : मामा फार कमी बोलायचे. पापनिवेदनाला गेलं तर तासभरही ऐकून घ्यायचे, चार बाजू दाखवायचे आणि शेवटी म्हणायचे, ठरवायचं तुझं तुला आहे. ज्या देशात काय शिकायचं, कुठं नोकरी करायची, काय वाचायचं हे सगळं वरून ठरून यायचं, तिथल्या विशीतल्या मुलाला हे वाक्य कसं लागलं असेल याची कल्पना करावी.

सरकारविरोधी खलबतं तिथं होत नसत. त्याची गरजही नव्हती. पंधरा दिवस कुणाला न विचारता एकत्र राहायचं, हवं ते बोलायचं, एवढंच त्या काळात पुरेसं बंड होतं.

१९५८च्या ऑगस्टचा प्रसंग वोयतिवांनी स्वतःच २००४ साली लिहून ठेवला आहे. वीना नदीवर मुक्काम असताना वॉर्साहून विशिन्स्कींचं बोलावणं आलं. होडीनं काठापर्यंत, तिथून पिठाची पोती वाहणाऱ्या ट्रकनं ओल्श्तिनेक स्टेशन, मग रात्रीची गाडी. वॉर्सात कळलं की त्यांना क्राकूवचे साहाय्यक बिशप नेमलं आहे. वय अडतीस. मी फार लहान आहे, असं म्हणून बघितलं. विशिन्स्कींनी सांगितलं की हा दोष लवकरच आपोआप जातो. क्राकूवला महागुरुस्वामी बाझ्याक यांच्याकडे गेले आणि नदीवर परत जायची परवानगी मागितली. आता ते शोभायचं नाही, असं आधी ऐकावं लागलं. पण पोरांना रविवारची मिस्सा कोण देणार? बाझ्याक विरघळले, दीक्षाविधीला मात्र वेळेवर परत या, म्हणाले. त्या रात्री ओल्श्तिनच्या गाडीत वोयतिवांनी हेमिंग्वेचा म्हातारा कोळी जवळजवळ पहाटेपर्यंत वाचला, पु. ल. देशपांड्यांनी 'एका कोळियाने' म्हणून मराठीत आणली ती कादंबरी. सकाळी मंडळी पुन्हा होडीत. २८ सप्टेंबरला वावेलच्या कॅथीड्रलमध्ये दीक्षा झाली.

*

आता मुख्य गोष्ट. या चर्चांतून एक पुस्तक निघालं आणि त्या पुस्तकानं पुढं जगभरच्या कॅथलिकांच्या शयनगृहात हात घातला.

१९५६च्या एप्रिलमध्ये पोलंडमध्ये गर्भपाताला सामाजिक कारणांवरून कायदेशीर परवानगी मिळाली. गोतावळ्यातल्या मुलामुलींची तोवर एकमेकांशी लग्नं जुळत होती. शरीर, प्रेम, मुलं कधी आणि किती, हे प्रश्न त्यांच्या दारात येऊन उभे होते. वोयतिवा एव्हाना लुब्लिनच्या कॅथलिक विद्यापीठात नीतिशास्त्र शिकवत. साम्यवादी राजवटीत चालू राहिलेलं असं ते एकमेव विद्यापीठ. क्राकूवहून रात्रीच्या गाडीनं जायचं, शिकवायचं, परत यायचं. १९५७च्या उन्हाळ्यात मझुरीच्या तळ्यांवर त्यांनी आपल्या नव्या पुस्तकाचं हस्तलिखित सोबत आणलं. प्रकरणं वाटून दिली. ज्यानं त्यानं आपलं प्रकरण वाचून टिपण करायचं, शेकोटीपाशी मांडायचं, बाकीच्यांनी तुटून पडायचं. विद्यार्थी, तरुण नवरा-बायको, डॉक्टर, इंजिनिअर. लेखक समोर बसलेला.

ते पुस्तक 'प्रेम आणि जबाबदारी'. १९६० साली लुब्लिनहून निघालं. गाभा एवढाच की माणसाला साधन म्हणून वापरता येत नाही, प्रेमाच्या नावाखालीही नाही, लग्नाच्या नावाखालीही नाही. हे ऐकायला गुळमुळीत वाटेल. पुस्तक तसं नाही. शेवटाकडे कामशास्त्राचं सरळ प्रकरण आहे. स्त्रीची उत्तेजना पुरुषापेक्षा सावकाश चढते, नवऱ्यानं त्याचं भान ठेवलं नाही तर तो तिला वापरतोच आहे, असं त्यात एका बिशपनं १९६० साली लिहिलं आहे. अनेकांना हे रुचलं नाही. ब्रह्मचाऱ्याला यातलं काय कळतं, हा आक्षेप येणार हे ओळखून प्रस्तावनेतच उत्तर दिलं आहे : धर्मगुरूचा अनुभव दुसऱ्यांचा असतो, पण तो एकाचा नसतो, अनेकांचा असतो.

माझा आक्षेप नेमका इथं आहे. अनेक म्हणजे कोण? कयाकवरचे अनेक. शिकलेले, एकमेकांना जपणारे, संध्याकाळी प्रार्थना करून झोपणारे. क्राकूवच्या पूर्वेला त्याच वर्षांत नोवा हुता हे पोलादाचं शहर उभं राहत होतं. तीन पाळ्यांत कामाला जाणारी, चौथ्या बाळंतपणाला भ्यालेली, दारुड्या नवऱ्याची तिथली बाई त्या शेकोटीपाशी बसलेली नव्हती. संततिनियमनाविषयी सल्ला द्यायला पोप सहावे पॉल यांनी नेमलेल्या आयोगात वोयतिवा होते. १९६६च्या निर्णायक बैठकीला ते गेले नाहीत. आयोगातल्या बहुमतानं बदलाच्या बाजूनं कौल दिला. क्राकूवहून वोयतिवांनी १९६८च्या सुरुवातीला वेगळं निवेदन धाडलं आणि पोपच्या २५ जुलै १९६८च्या परिपत्रकात संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांवरची जुनी बंदी कायम राहिली. ती बंदी त्यांच्याचमुळं टिकली असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. पण ती त्यांना इतकी सहज पाळण्याजोगी वाटली, याचं एक कारण त्यांनी पाहिलेल्या संसारांत आहे. ते संसार खरोखरच चांगले होते. चेशेल्स्कीचा संसार तर आदर्श म्हणावा असा. १९७०च्या ऑक्टोबरमध्ये सुदानमध्ये नाईल नदीत बोट बुडून तो दोन मुलांसह गेला. बायको आणि एक मुलगी वाचली. त्याला संतपद द्यावं यासाठी चर्चनं प्रक्रिया सुरू केली, ती अजून चालू आहे.

एक बाजू मात्र नाकारता येत नाही. शिकवणारा शिकत होता. क्राकूवच्या पदार्थवैज्ञानिकांशी, विशेषतः येझी यानिक यांच्याशी, पन्नासच्या दशकात सुरू झालेली त्यांची बोलणी पोप झाल्यावरही थांबली नाहीत. १९८०पासून ती मंडळी ठरावीक अंतरानं रोमजवळच्या कास्तेल गांदोल्फोच्या वाड्यात येऊन वाद घालत.

*

नोंद नसण्याचा फायदा असतो तसा धोकाही असतो. दार उघडं असेल तर कुणीही आत येतो.

१९६४ साली क्राकूवच्या डॉमिनिकन मठात विद्यार्थ्यांसाठी नवं केंद्र सुरू झालं. 'बेच्का', म्हणजे पिंप, हे त्याचं नाव. मठाच्या कमानदार खोलीत पोरं जमायची. वोयतिवा तोवर क्राकूवचे महागुरुस्वामी झाले होते. सत्तरच्या दशकात इथल्या चर्चा देवापासून सुरू होऊन नागरिकांच्या हक्कांपर्यंत जायला लागल्या. साहित्याचा विद्यार्थी स्तानिस्वाव पियास या वर्तुळातला. ७ मे १९७७ला शेव्स्का रस्त्यावरच्या एका इमारतीच्या दारात त्याचा मृतदेह सापडला. जिन्यावरून पडला, असं पोलिसांनी सांगितलं. कुणाचा विश्वास बसला नाही. आठवड्यानं, १५ मेला, मिस्सेनंतर हजारो विद्यार्थी काळ्या निशाणांसह मूक मोर्चानं निघाले आणि त्याच दिवशी विद्यार्थी एकजूट समितीची घोषणा झाली. 'सॉलिडॅरिटी' ही कामगार चळवळ जन्माला यायला अजून तीन वर्षं होती.

समितीच्या पुढाऱ्यांत पियासचा जवळचा मित्र लेस्वाव मालेश्का होता. पुढं तो नावाजलेला पत्रकार झाला. २००१ साली उघड झालं की तो त्या सगळ्या काळात गुप्त पोलिसांना खबरा पुरवत होता, टोपणनाव 'केत्मान'. मित्रांनी विश्वासानं बोललेलं सगळं संध्याकाळी टाइप होऊन जात होतं. विश्वासावर चालणाऱ्या मंडळात हे कधीही होऊ शकतं आणि याद्या ठेवल्यानं ते टळत नाही.

*

१९८९ला राजवट कोसळली. १९९०पासून सरकारी शाळांत धर्मशिक्षणाचा तास सुरू झाला, पगार सरकारी तिजोरीतून. विद्यार्थी केंद्रांना खोल्या मिळाल्या, पाट्या लागल्या. आणि पुढच्या तीस वर्षांत मुलं निघून गेली. पोलंडच्या सीबीओएस या सर्वेक्षण संस्थेच्या पाहणीत १८ ते २४ वयोगटातले नियमित धर्माचरण करणारे १९९२मध्ये ६९ टक्के होते, २०२१मध्ये २३ टक्के. गर्भपातावरचे निर्बंध २०२०च्या ऑक्टोबरमध्ये न्यायालयानं आणखी आवळले, तेव्हा रस्त्यावर उतरलेल्या गर्दीत याच वयाच्या मुली सर्वांत पुढं होत्या. मार्च २०२३मध्ये एका वाहिनीनं आरोप केला की क्राकूवचे महागुरुस्वामी असताना वोयतिवांना काही धर्मगुरूंनी केलेल्या बाललैंगिक अत्याचारांची माहिती होती आणि त्यांनी त्यांच्या फक्त बदल्या केल्या. पुराव्यांतला काही भाग गुप्त पोलिसांच्या दप्तरातला, म्हणून त्यावर वाद झाला. संसदेनं घाईघाईनं त्यांच्या सन्मानाच्या रक्षणाचा ठराव केला. मला तो ठराव केविलवाणा वाटला. ज्या माणसानं आपलं हस्तलिखित पोरांपुढं टाकून चुका काढा म्हटलं, त्याच्या बचावाला बहुमताचा ठराव कशाला लागावा?

मुलं जाण्याची कारणं अनेक आहेत : पैसा, परदेश, चर्चची राजकारण्यांशी झालेली सलगी, अत्याचारांवर घातलेलं पांघरूण. होड्या पुन्हा पाण्यात उतरवून ती परत येणार नाहीत. वोयतिवांच्या नावानं पोलंडमध्ये आज चौक आहेत, विमानतळ आहे, पुतळ्यांना तर गणती नाही. द्रावा नदीवर त्यांच्या नावाचा जलमार्गही आहे. त्यांच्या पद्धतीतली अवघड गोष्ट मात्र फारशी कुणी उचललेली दिसत नाही.

ती उचलायला पोलंडच हवा असं नाही. वसईपासून पुण्यापर्यंत आणि गोव्यात विद्यार्थ्यांची मंडळं चालवणाऱ्या फादरांना, सिस्टरांना, शिक्षकांना एवढंच सुचवतो : पुढच्या बैठकीचं तुमचं टिपण आठवडाभर आधी मुलांच्या हाती द्या, त्यांना ते फाडू द्या, आणि तुम्ही सर्वांत शेवटी बोला.